पाण्याची वही

सुटीच्या वर्गात विज्ञान शिकावे की भाषा, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. वास्तविक ही दोन कामे परस्परांपासून वेगळी नाहीत.

एक उदाहरण घेऊ. ‘विहिरीचे पाणी आटले,’ असे एका मुलाने लिहिले. दुसऱ्याने लिहिले, ‘२ मे, सकाळी ७ वाजता काठापासून पाण्यापर्यंत ११ मीटर दोरी लागली. ९ मे रोजी त्याच वेळी १२ मीटर लागली.’ पहिल्या वाक्यातून काळजी कळते. दुसऱ्यातून पाणी किती दिवसांत किती उतरले तेही कळते. नेमके शब्द सापडले, म्हणजे पाहणे शास्त्रीय होते.

आता एक प्रयोग करा. सारख्या आकाराच्या दोन थाळ्यांत एकेक पेला पाणी ओता. एक उन्हात ठेवा, दुसरी सावलीत. दर तासाला काय दिसते ते लिहा. उन्हातील पाणी लवकर नाहीसे होते. ते बाष्परूपाने हवेत जाते. यालाच बाष्पीभवन म्हणतात.

हे ज्ञान जालना जिल्ह्यास फार मोलाचे आहे. येथे वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो; कित्येक वर्षी त्याहूनही कमी. जालना तालुक्यातील कडवंची गावी १९९६ ते २००२ या काळात पाणलोटाची कामे झाली. उतारावर चर खणले, बांध घातले. पुढे शेतकऱ्यांनी शेततळी केली. त्यामुळे २०१२ च्या दुष्काळातही तेथील द्राक्षबागा तगल्या. परंतु शेततळ्याचे पाणीही उन्हाने उडते. म्हणून साठा किती, खर्च किती आणि ऊन किती नेते, याचा हिशेब ठेवावा लागतो. तुमची थाळी म्हणजे लहानसे शेततळेच होय!

मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. पुस्तकांतील अवघड भाषेमुळेही अनेक मुलांना विज्ञान कठीण जाते, असे तेथील अभ्यासकांना आढळून आले. तेव्हा मुलांनो, जे पाहाल ते स्वतःच्या सोप्या शब्दांत लिहा आणि मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्यास ते समजले, तर तुम्हांलाही ते समजले आहे असे जाणा.

शब्दार्थ : पाणलोट – ज्या भूभागावरील पाणी एकाच प्रवाहास मिळते तो प्रदेश. तगणे – टिकून राहणे.

स्वाध्याय
१. दोन मुलांच्या लिहिण्यात कोणता फरक आहे?
२. शेततळ्याच्या पाण्याचा हिशेब का ठेवावा लागतो?
३. वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन विहिरीची पातळी सात दिवस मोजा व नोंद करा.