कार्यशाळेतील दिवस

मुलांनो, एस. टी.च्या गाडीतून तुम्ही पुष्कळदा प्रवास केला असेल. घाटातील अवघड वळणावर चालक किती सफाईने चाक फिरवितो, एका घंटीसरशी गाडी कशी थांबते नि दोन घंटींसरशी कशी निघते, हे तुम्ही कौतुकाने पाहिले असेल. परंतु त्या प्रवासात आणखी एका माणसाची सोबत तुम्हांला असते. तो माणूस मात्र तुम्हांला कधीच दिसत नाही. आदल्या रात्री गाडी आगारात परतली म्हणजे हातात बत्ती घेऊन तो तिच्याखाली शिरतो, ब्रेक तपासतो, वंगण घालतो, सैल झालेले नट आवळतो, आणि सकाळी तुम्ही गाडीत पाऊल ठेवता तेव्हा तो हात धुऊन घरी निघालेला असतो. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर या शहरांदरम्यान एस. टी.ची पहिली गाडी धावली. अहमदनगरला आज आपण अहिल्यानगर म्हणतो. तेव्हापासून आजपर्यंत या न दिसणाऱ्या माणसाच्या हातांवर लाखो प्रवाशांनी विश्वास टाकला आहे.

हे हात तयार कसे होतात? मी स्वतः त्या वाटेने गेलो आहे. ती हकीकत आज तुम्हांला सांगतो.

दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मी आमच्या जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत नाव घातले. कुशल कारागीर तयार करण्याची ही योजना आपल्या देशात १९५० साली सुरू झाली. तेथे सुतारकाम, जोडकाम, वीजकाम असे अनेक व्यवसाय शिकवितात. मी मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निवडला. पहिल्याच दिवशी मोटारीचे इंजिन खोलावयास मिळेल, अशा आनंदात मी निळा पोशाख घालून कार्यशाळेत गेलो. आमच्या निदेशकांनी माझ्या हातात एक कानस आणि लोखंडाचा ओबडधोबड तुकडा दिला, आणि म्हणाले, "हा तुकडा व्हाइसमध्ये घट्ट धर. याच्या बाजू घासून सपाट कर. चारही कोपरे काटकोनात आले पाहिजेत."

मला वाटले, तासाभराचे काम! पण तो तुकडा मला कित्येक दिवस पुरला. दर थोड्या वेळाने निदेशक त्याला गुण्या लावीत आणि तो उजेडाकडे धरीत. गुण्या आणि लोखंड यांमधून प्रकाशाची एक बारीक रेघ दिसे. ते काही न बोलता तुकडा परत देत. माझ्या तळहाताला फोड आले. घरी आल्यावर आईने त्यांवर हळद लावली आणि विचारले, "अरे, तू मोटार शिकावयास जातोस की लोहारकाम?" मला उत्तर देता आले नाही. अखेर एके दिवशी गुण्याखालची ती रेघ नाहीशी झाली. निदेशक हसले आणि म्हणाले, "आता तुझ्या हाताला लोखंड कळू लागले. उद्यापासून इंजिनाजवळ ये."

त्यानंतर आम्ही हत्यारांची ओळख करून घेतली. नटाच्या मापाचाच पाना का घ्यावयाचा, हे प्रथम शिकलो. कारण मोठा पाना घेतला तर तो निसटतो, नटाचे कोपरे झिजतात आणि पुढे तो कोणत्याच पान्याच्या पकडीत येत नाही. मापनाची साधने तर आम्हांला जादूची वाटत. फीलर गेज नावाच्या साधनात पोलादाच्या अतिशय पातळ पात्यांचा जुडगा असतो. दोन भागांमधील फट किती आहे, हे त्या पात्यांनी मोजतात. माणसाचा केस साधारणतः मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक असतो. इंजिनातील काही फटी अशाच केसाएवढ्या राखाव्या लागतात. "अंदाजे ठीक आहे" हे शब्द त्या कार्यशाळेत उच्चारण्याची सोय नव्हती.

कार्यशाळेच्या मध्यभागी एक जुने इंजिन अर्धे कापून ठेवलेले होते. त्याचा दांडा फिरविला की आतील हालचाल दिसे. सिलिंडर म्हणजे एक पोकळ नळकांडे. त्यात दट्ट्या खालीवर सरकतो. दट्ट्या पहिल्यांदा खाली येतो, तेव्हा एक झडप उघडून हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. तो वर जातो तेव्हा झडपा बंद असतात आणि मिश्रण दाबले जाते. तेवढ्यात ठिणगी पडते, मिश्रण पेटते, तप्त वायू प्रसरण पावतात आणि दट्ट्याला जोराने खाली ढकलतात. गाडीला ओढणारी शक्ती ती हीच. दट्ट्या पुन्हा वर येतो तेव्हा दुसरी झडप उघडते आणि जळलेले वायू बाहेर टाकले जातात. दट्ट्याच्या या चार धावा होईपर्यंत खालचा दांडा दोन वेळा फिरतो. अशा रीतीने चालणारे इंजिन निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने १८७६ साली यशस्वी करून दाखविले.

एस. टी.च्या गाडीत मात्र ठिणगी नसते. "मग डिझेल पेटते कसे?" असे आमच्यापैकी एकाने विचारले. निदेशकांनी उत्तर न देता सायकलचा पंप आणविला आणि त्याला जोरजोराने हवा भरावयास सांगितली. थोड्या वेळाने पंपाच्या बुडाला हात लावताच तो ओरडला, "सर, हा तर तापला!" निदेशक म्हणाले, "हेच तुझे उत्तर. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात नुसती हवाच फार जोराने दाबतात. ती इतकी तापते की, तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते." रुडॉल्फ डीझेल याने १८९७ साली हे इंजिन चालवून दाखविले. तेव्हापासून सायकलचा पंप हाती घेतला की मला डीझेलची आठवण होते.

एका पावसाळी दुपारी वीज गेली, तेव्हा निदेशकांनी आम्हांला एक गोष्ट सांगितली. कार्ल बेंझ याने १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारगाडीचे पेटंट घेतले. पण लोकांचा त्या वाहनावर विश्वास बसेना. १८८८ साली एके दिवशी सकाळी त्याची पत्नी बेर्टा, पतीला न सांगताच, आपल्या दोन मुलांना घेऊन त्या मोटारीतून माहेरी निघाली. थोरला ऑयगेन पंधरा वर्षांचा आणि धाकटा रिखार्ड तेरा वर्षांचा, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाचा. मानहाइम ते फोर्त्सहाइम हा प्रवास सुमारे शंभर किलोमीटरांचा. वाटेत इंधनाची नळी तुंबली. बेर्टाने टोपीची टाचणी काढून ती साफ केली. इंधन संपले, तेव्हा तिने वीसलोख गावातील औषधांच्या दुकानातून ते विकत घेतले. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर कातडे बसवून घेतले. संध्याकाळी ती माहेरी सुखरूप पोहोचली. "मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातील दुरुस्ती एका बाईने केली, हे विसरू नका," असे निदेशक म्हणाले. आमच्या वर्गात त्या वर्षी दोनच मुली होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी गिअरची पेटी खोलण्यास सर्वांत पुढे त्याच होत्या.

कार्यशाळेचे नियम कडक होते. हातात अंगठी किंवा कडे घालावयाचे नाही. गाडी नुसत्या जॅकवर उचललेली असेल तर तिच्याखाली शिरावयाचे नाही; आधी लोखंडी घोड्या लावावयाच्या. बॅटरी काढताना ऋण टोकाची तार प्रथम सोडावयाची. कारण ते टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते, आणि धन टोक आधी सोडू लागल्यास पाना चुकून सांगाड्याला टेकून ठिणग्या उडतात. प्रत्येक नियमामागे असे कारण होते. शेवटचा नियम मात्र निराळा होता. जो काम करील त्याने नोंदवहीत काम लिहून सही करावयाची आणि गाडीच्या चाचणीच्या वेळी चालकाच्या शेजारी बसावयाचे.

या नियमाचा अर्थ मला दुसऱ्या वर्षी कळला. संस्थेच्या जीपचे ब्रेक दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे आले होते. ब्रेकच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पायाचा दाब हवा दाबण्यातच वाया जातो, म्हणून मी सारी हवा काळजीपूर्वक काढली. चाक बसविले आणि त्याचे नट हाताने फिरवून जागेवर आणले. आता गाडी खाली उतरवून ते नट टॉर्क रेंचने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतके, एकाआड एक असे आवळावयाचे होते. शेजारशेजारचे नट ओळीने आवळले तर चाक तिरके बसण्याची भीती असते. मी गाडी खाली उतरविली, इतक्यात जेवणाची घंटा झाली. परत आल्यावर लिहीनच कशाला, आताच लिहून टाकू, असे म्हणून मी नोंदवहीत "नट आवळले" असे लिहिले, सही केली आणि डबा खाण्यास पळालो.

परत आलो तो निदेशक जीपमध्ये बसलेले! "चल, चाचणीला," ते म्हणाले. मी शेजारी बसलो. गाडी हळूहळू फाटकाकडे निघाली आणि एकदम माझ्या मनात चर्र झाले. नट! सारे मित्र पाहत होते. आता बोलावे तर सर्वांदेखत फजिती. न बोलावे तर पुढे उताराचा रस्ता, आणि रस्त्यावर शाळा सुटलेली. क्षणभर माझ्या घशातून शब्द फुटेना. फाटकाशी येताच मी ओरडलो, "सर, थांबा! नट आवळलेले नाहीत!"

गाडी थांबली. निदेशक खाली उतरले. त्यांनी चाकाला पाना लावला. एकेक नट सहज फिरला. मी मान खाली घालून उभा राहिलो. ते रागावतील असे मला वाटले, पण ते शांतपणे म्हणाले, "मी चाक तपासले नाही, ही माझी चूक. पण मी का तपासले नाही, ठाऊक आहे? खाली तुझी सही होती. मी तुझ्या सहीवर विश्वास ठेवून गाडीत बसलो." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "चूक माझ्याही हातून होते, तुझ्याही होईल. ती वेळेवर बोलून दाखविलीस, हे चांगले केलेस. आता वही आण."

मी खोडरबर शोधू लागलो. "खोडावयाचे नाही," ते म्हणाले. "त्या ओळीवर एक रेघ मार. खाली खरे काय झाले ते लिही आणि मग काम पुरे कर." मी तसे केले. प्रत्येक नट नीट आवळल्यावर त्यावर खडूने एक लहानशी खूण केली. मगच चाचणी झाली. त्या दिवसापासून हात कितीही घाईत असला तरी खडूच्या खुणेवाचून माझी सही होत नाही.

अभ्यासक्रम संपल्यावर मी एका आगारात शिकाऊ उमेदवार झालो. शिकाऊ उमेदवारांसंबंधीचा कायदा आपल्याकडे १९६१ साली झाला. त्यामुळे उमेदवाराला विद्यावेतन घेत घेत प्रत्यक्ष कामावर शिकता येते. आता काळ पालटला आहे. इंजिनातील दोष शोधण्यास संगणकाची मदत घेतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत तर दट्ट्याही नाही आणि झडपाही नाहीत. तेथे मोठ्या दाबाच्या विजेपासून जपण्यासाठी रबरी हातमोजे घालून काम करावे लागते. माझ्या हाताखाली शिकणारी मुले-मुली आज ही नवी विद्या माझ्यापेक्षा लवकर आत्मसात करतात. परंतु गाडी कोणतीही असो, तिला चाके असतात, चाकांना नट असतात आणि नट आवळणाऱ्याला सही करावी लागते.

पुढच्या वेळी गाडीत चढताना तिच्या चाकाकडे एकदा पाहा. तुमच्यासाठी रात्री कोणीतरी जागले आहे, हे तुमच्या ध्यानात येईल.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाला पहिल्या दिवशी कोणते काम मिळाले?
(आ) डिझेल इंजिनात ठिणगीवाचून इंधन कसे पेटते?
(इ) बेर्टा बेंझ हिने वाटेत कोणत्या अडचणी कशा दूर केल्या?

२. कारणे सांगा.
(अ) बॅटरी काढताना ऋण टोकाची तार प्रथम सोडतात.
(आ) चाकाचे नट एकाआड एक असे आवळतात.
(इ) निदेशकांनी जीपचे चाक तपासले नाही.

३. "खोडावयाचे नाही," असे निदेशक का म्हणाले असतील? तुमच्या शब्दांत आठ-दहा ओळी लिहा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : ओबडधोबड, मनात चर्र होणे, फजिती, आत्मसात करणे.

५. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याची हत्यारे व त्यांची नावे यांची यादी करा, आणि तो हे काम कोणाजवळ शिकला ते विचारून लिहा.