परभाषेच्या अध्ययनात मातृभाषेचे भांडवल

मुंबई आणि जर्मनीतील श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. श्टुटगार्ट ही ज्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याची राजधानी आहे, त्या राज्याशी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाविषयी सामंजस्य करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा व्यवसायांतील दहा हजार युवक-युवतींना तेथे पाठविण्याचे उद्दिष्ट प्रायोगिक टप्प्यासाठी ठरविण्यात आले. तेव्हापासून जर्मन भाषा हा जिल्ह्याजिल्ह्यांतील तरुणांच्या आणि त्यांच्या पालकांच्या आस्थेचा विषय झाला आहे. हाती व्यवसायाचे कौशल्य असूनही केवळ भाषेअभावी संधी हुकणे ही दुःखाची गोष्ट होय. यासाठी परभाषा कशी शिकावी, याचा विचार शिक्षक व पालक यांनी शास्त्रशुद्ध रीतीने करणे अगत्याचे आहे.

किती काळ लागतो?

युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार भाषेच्या प्रावीण्याच्या सहा पायऱ्या मानल्या जातात : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यासाठी साधारणपणे बी-२ ही चौथी पायरी गाठावी लागते. भारतात मॅक्स म्युलर भवन या नावाने परिचित असलेल्या गोएथे संस्थेच्या अंदाजाप्रमाणे, या पायरीपर्यंत पोहोचण्यास ४५ मिनिटांच्या सुमारे ६०० ते ८०० तासिका लागतात. रोज दोन तासिका धरल्या तरी हे काम ३०० ते ४०० दिवसांचे आहे. यास्तव दोन-तीन महिन्यांत भाषा 'पक्की' करून देण्याचे आश्वासन देऊन कोणी मोठी रक्कम मागत असेल, तर पालकांनी कर्ज काढण्यापूर्वी किंवा जमीन गहाण टाकण्यापूर्वी हा साधा हिशेब करून पाहावा.

मराठीचा आधार

इंग्रजी कच्चे असल्यास जर्मन येणार नाही, असा एक गैरसमज ग्रामीण भागात आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. कित्येक बाबतींत जर्मन भाषा इंग्रजीपेक्षा मराठीलाच जवळची वाटते.

मराठीप्रमाणेच जर्मनमध्ये पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत. त्यांची खूण म्हणून नामापूर्वी अनुक्रमे 'देअर', 'दी' व 'दास' ही उपपदे येतात. निर्जीव वस्तूलाही लिंग असते, हे मराठी मुलाला समजावून सांगावे लागत नाही. मात्र लिंगे जुळतीलच असे नाही. चमचा दोन्ही भाषांत पुल्लिंगी आहे. परंतु मराठीतील पुल्लिंगी काटा जर्मनमध्ये स्त्रीलिंगी, तर आपली स्त्रीलिंगी सुरी तेथे नपुंसकलिंगी आहे. म्हणून प्रत्येक नाम उपपदासहच पाठ करावे, हा पहिला नियम होय.

संख्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. चोवीस या संख्येला जर्मनमध्ये 'फीर-उंट-त्स्वान्त्सिश', म्हणजे 'चार आणि वीस' असे म्हणतात. इंग्रजीत दशक आधी येते. मराठीत जर्मनप्रमाणेच एकक आधी येते. इंग्रजीच्या मार्गाने जाणारा विद्यार्थी चोवीसच्या जागी बेचाळीस लिहून बसण्याचा संभव असतो. औषधाची मात्रा लिहिणाऱ्या परिचारिकेच्या बाबतीत ही चूक लहान म्हणता येणार नाही.

वाक्यरचनेतही असेच साम्य आढळते. 'कारण मी आजारी आहे' हे उपवाक्य जर्मनमध्ये 'वाइल इश क्रांक बिन' असे होते आणि मराठीप्रमाणेच त्यात क्रियापद शेवटी येते. 'तू' आणि 'आपण' हा भेद जर्मनमध्ये 'दू' आणि 'झी' या सर्वनामांनी दाखविला जातो. अपरिचित रुग्णास 'झी' म्हणावयाचे, हे मराठी माणसास सहज उमगते. 'चाक' आणि 'चूल' या शब्दांतील 'च' जर्मन 'त्स'च्या अगदी जवळचा आहे.

अर्थात जेथे मराठी साथ देत नाही, तेथे विशेष सराव हवा. मुख्य विधानात जर्मन क्रियापद दुसऱ्या स्थानी येते. 'आज मी घरी जातो' हे 'आज जातो मी घरी' अशा क्रमाने सांगावे लागते. विभक्तीनुसार उपपदे बदलतात. काही स्वर तर मराठीत नाहीतच. ते ऐकूनच शिकावे लागतात.

शब्द स्मरणात कसे राहतात?

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये स्मरणासंबंधी ग्रंथ प्रसिद्ध केला. पाठ केलेले प्रथम झपाट्याने व नंतर सावकाश विसरले जाते, तसेच एकाच बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा काही दिवसांत विभागलेली उजळणी अधिक फलदायी ठरते, असे त्यास आढळून आले. १९७० च्या दशकात सेबास्टियान लाइटनर याने या तत्त्वावर चिठ्ठ्यांच्या पेटीची पद्धत लोकप्रिय केली.

या पेटीचा खर्च जवळजवळ नाहीच. खोक्यात पाच कप्पे करावेत. चिठ्ठीच्या एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस उपपदासह जर्मन शब्द लिहावा. मराठी बाजू पाहून जर्मन शब्द आठवला तर चिठ्ठी पुढील कप्प्यात जाते. न आठवल्यास पहिल्या कप्प्यात परत येते. पहिला कप्पा रोज व पुढील कप्पे उत्तरोत्तर अधिक दिवसांनी पाहावेत. त्यामुळे कठीण शब्दांवर अधिक वेळ खर्च होतो. पुस्तक पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा ते मिटून आठवण्याचा प्रयत्न करणे, हेच या पद्धतीचे मर्म होय.

श्रवण व संभाषण

परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन व संभाषण या चारही अंगांची कसोटी लागते. केवळ व्याकरणाची कोष्टके पाठ केलेला विद्यार्थी श्रवणात अडखळतो. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे पाठ इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. एक लहान संवाद प्रथम नुसता ऐकावा, नंतर मजकूर पाहत ऐकावा, मग वक्त्याबरोबर मोठ्याने म्हणावा आणि शेवटी न पाहता लिहून काढावा. रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक मोलाचा आहे.

शिकावयाची वाक्ये आपल्या व्यवसायातील असावीत. 'वो टूट एस वे?' म्हणजे 'कोठे दुखते?' हा प्रश्न परिचारिकेला रोज लागणार आहे. एकीने रुग्ण व दुसरीने परिचारिका होऊन असे संवाद बोलल्यास संकोच दूर होतो. बोलताना चुका होतात. शिक्षकाने वाक्य मध्येच न तोडता ते संपल्यावर सुधारून द्यावे.

गावपातळीवर काय करता येईल?

पुण्यासारख्या शहरात परकीय भाषांच्या अध्यापनाची जुनी परंपरा आहे. सर्व गावांना ती सोय नाही. तथापि ग्रामपंचायतीच्या वाचनालयात सायंकाळी एक तास, एक ध्वनिवर्धक, इंटरनेटची जोडणी आणि चार-पाच विद्यार्थ्यांचा गट एवढी व्यवस्था बहुतेक ठिकाणी होऊ शकेल. जर्मन न येणाऱ्या शिक्षकासही येथे काम आहे. मराठीतील लिंग, विभक्ती आणि उपवाक्य त्याने नीट समजावून दिल्यास जर्मन व्याकरणाचा अर्धा पाया घातला जातो. मातृभाषेची जाण ही परभाषेच्या मार्गातील अडचण नसून, प्रत्येक विद्यार्थ्याजवळ आधीपासूनच असलेले भांडवल आहे. त्याचा डोळसपणे विनियोग होणे, एवढेच आवश्यक आहे.