डोंगरावरचे बारा महिने

उन्हाळ्यात महाबळेश्वरी चार दिवस राहिलेल्या पाहुण्यास वाटते, ‘येथेच कायमचे घर असावे!’ परंतु मुलांनो, डोंगराची खरी ओळख आषाढात पटते. या गावी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणून रहिवासी ज्येष्ठातच गवताने भिंती शाकारतात. धान्य व जळण साठवितात. पुढे धुके हटत नाही, कपडे वाळत नाहीत. दरड कोसळली की घाटरस्ता बंद होतो. नवल असे की, एवढे पाणी उतारावरून वाहून जाते आणि कृष्णा-कोयनेच्या या उगमप्रदेशातही काही वाड्यांतील लोकांना वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. डोंगरावर घर बांधू इच्छिणाऱ्याने तेथील एक पावसाळा आधी अनुभवावा.