धुराचा खोकला आणि क्षयाचा खोकला

कासुर्डी-यवतच्या पट्ट्यात गुऱ्हाळे पेटली की घरोघरी खोकला ऐकू येतो आणि त्याचे खापर धुरावर फुटते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु खोकणारी व्यक्ती एचआयव्हीसह जगत असेल, तर हे अनुमान फार महागात पडते.

क्षयाचा जंतू 1882 मध्ये रॉबर्ट कॉक यांनी दाखवून दिला. तो शरीरात शिरला म्हणजे रोग होतोच असे नाही. प्रतिकारशक्ती त्याला वर्षानुवर्षे कोंडून ठेवते. अशा शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच उभ्या आयुष्यात क्षय होतो. ज्या पेशी हा पहारा देतात त्यांचाच नाश एचआयव्ही करतो. उपचार नसतील तर तेवढाच धोका एकेका वर्षात संभवतो.

शिवाय हा रोग लपतो. बेडक्यात जंतू थोडे, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते सापडत नाहीत. क्ष-किरण चित्रही कधीकधी निर्दोष दिसते. रोग गाठींत, पोटात वा मेंदूच्या आवरणात असू शकतो. ‘थुंकीत काही निघाले नाही’ एवढ्यावर घरचे लोक निश्चिंत होतात, ही खरी अडचण. जंतूचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट तपासणी सुमारे दोन तासांत अधिक विश्वसनीय उत्तर देते. इतरांच्या बाबतीत दोन आठवड्यांचा खोकला संशयास्पद मानतात. येथे कितीही दिवसांचा खोकला पुरे, ताप वा घटते वजनही पुरे. मुलांमध्ये तर वजन न वाढणे हीच सूचना असू शकते. वसतिगृहातील वजनाची वही आम्ही अनेकदा कंटाळून भरतो, हे मान्य केलेले बरे.

दोन्ही आजारांवर उपचार एकत्र चालतात. एआरटी औषधे शासकीय केंद्रांतून 2004 पासून मोफत मिळू लागली. आधी क्षयाची औषधे, मग साधारण दोन आठवड्यांच्या आत एआरटी. मेंदूच्या आवरणाचा क्षय असल्यास मात्र थांबावे लागते. रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅविरचा प्रभाव घटतो, म्हणून ती गोळी दिवसातून दोनदा द्यावी लागते. एक औषध गावाजवळून आणि दुसरे, कोणी पाहू नये म्हणून, दूर शहरातून आणणारा रुग्ण दोन्ही डॉक्टरांना अर्धेच सांगतो. भीती लोकांची असते, हानी औषधाच्या मात्रेत होते.

2018 पासून अमलात आलेल्या कायद्याने एचआयव्हीमुळे शाळाप्रवेश नाकारता येत नाही, संमतीवाचून कोणाची स्थिती उघडही करता येत नाही. म्हणून खोकला, ताप आणि वजन यांची विचारपूस आम्ही सर्वच मुलांची करावयाची; कोणा एकाला बाजूला बोलावून नव्हे.