स्वयंपाकघराचा जीर्णोद्धार

परभणी जिल्ह्यातील सोनपेठ या गावी आमचे जुने घर आहे. माझ्या आजोबांनी ते बांधले. दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती, सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचे सपाट माळवद, अशी त्याची रचना. मराठवाड्यात अशी घरे गावोगाव होती व अद्यापही पुष्कळ आहेत. वैशाखात बाहेर अंग भाजून निघत असले, तरी आमच्या माजघरात गारवा असतो. या गारव्याचा लाभ घरातील एका व्यक्तीला मात्र कधीच मिळाला नाही. ती व्यक्ती म्हणजे स्वयंपाक करणारी.

आमचे स्वयंपाकघर घराच्या अगदी पाठीमागे. त्याला खिडकी नव्हती. माळवदाला पाडलेले वीतभर रुंदीचे एक सवणे तेवढे होते. त्यातून दिवसा उजेडाने खाली यावे आणि धुराने वर जावे, अशी अपेक्षा असे. धूर ती अपेक्षा क्वचितच पुरी करी. माझ्या आईने याच खोलीत पन्नास वर्षे चुलीपुढे बसून भाकऱ्या भाजल्या. तिचे डोळे सदा लाल असत. उतारवयात तिला खोकला जडला तो अखेरपर्यंत सुटला नाही. लहानपणी आम्हां भावंडांना वाटे, आईचे डोळे असेच असतात.

पुढे घरात गॅसची शेगडी आली; परंतु ती एका डगमगत्या लाकडी मेजावर, त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात मांडली गेली. पिण्याच्या पाण्याचा रांजण अंगणात, भांडी घासण्याची मोरी त्याच्याही पलीकडे, आणि ज्वारीची कोठी माजघरात. माझ्या पत्नीचे गुडघे दुखू लागले व सूनबाईची पाठ. मी मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालो, दिवसभर घरी राहू लागलो, तेव्हा कोठे हे सारे माझ्या ध्यानात आले. हे सांगताना मला संकोच वाटतो. पण ते खरे आहे.

स्वयंपाकघरासाठी आम्ही ५०,००० रुपये बाजूला काढले. एका मिस्त्रीला बोलाविले. त्याने खोलीत एकवार नजर फिरविली आणि म्हटले, “गुरुजी, ही मधली भिंत काढून टाकू. माजघर अन् स्वयंपाकघर एक होईल. शहरातल्यासारखं मोकळं दिसेल.” चित्र मोठे सुंदर होते. आम्ही सर्वजण मोहात पडलो. सुदैवाने त्याच दिवशी दाराची चौकट दुरुस्त करावयास आमचे वृद्ध सुतारकाका आले होते. ते शिडीवर चढले, मधल्या भिंतीच्या माथ्यावर बोटांनी ठोकून पाहिले आणि खाली उतरून शांतपणे म्हणाले, “भिंत काढा गुरुजी. पण आधी त्या तुळईला विचारा, तू टेकणार कुठं?”

मुलांनो, त्या तुळईचे एक टोक खरोखरच त्या भिंतीत होते. घरातील काही भिंती केवळ आडोशासाठी असतात. काही मात्र छपराचा भार वाहत असतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील कितीतरी गावे क्षणार्धात भुईसपाट झाली आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. ती घरे बहुतांशी आमच्या घरासारखीच होती. रुंद भिंतींच्या आतील व बाहेरील थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते, आणि डोक्यावर होते मातीचे प्रचंड ओझे.

हे ओझे किती असते, याचा हिशेब माझ्या नातीने केला. ती सहावीत शिकते. गळती थांबावी म्हणून दर वर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती पसरण्याचा प्रघात होता. जुनी मात्र कोणी काढीत नसे. अशा रीतीने आमच्या स्वयंपाकघरावर जवळजवळ दोन फूट जाडीचा थर साचला होता. खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद. वरचा केवळ एक फूट थर काढला, तरी १२० घनफूट माती निघणार. एक घनफूट कोरडी माती ४० किलो धरली, तर ४,८०० किलो भरते. जवळजवळ पाच टन! इतका भार आपण पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेऊन जेवत होतो, हे कळल्यावर नात काही वेळ वर पाहतच राहिली.

म्हणून पहिला पैसा खर्च झाला तो माळवदावर. तुळयांना खालून टेकू दिले, आणि दोन्ही बाजूंनी सारखी माती उतरवीत थर वीतभरावर आणला. त्याखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरला, म्हणजे दर वर्षी नवी माती टाकण्याचे कारण उरले नाही. या कामाला १५,००० रुपये लागले. घरी येणाऱ्या पाहुण्यांना ते काम दिसत नाही आणि मी सांगितल्यावाचून राहत नाही. उरलेल्या माळवदाची पाळी येत्या उन्हाळ्यात आहे.

छपराचे काम आटोपल्यावर आम्ही खाली पाहू लागलो. कोणती वस्तू कोठे असावी? माझे मत मी तत्काळ सांगितले. ते कोणी ऐकले नाही. नातीने निराळीच युक्ती काढली. तिने दाराशी एक वाटी ठेविली व आजी किंवा आई काही आणण्यासाठी स्वयंपाकघराबाहेर गेली, की ती वाटीत ज्वारीचा एक दाणा टाकू लागली. सायंकाळी दाणे मोजले, ते ६१ निघाले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक फेऱ्या केवळ पाण्यासाठी होत्या.

असे मोजमाप जगात पूर्वीही झाले आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात १९२६ साली कामकरी कुटुंबांसाठी स्वस्त घरे बांधली जात होती. त्यांतील स्वयंपाकघराची आखणी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी स्त्रीने केली. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यात अगदी चिंचोळ्या जागेत शेकडो माणसांचे जेवण कसे तयार होते, याचा तिने अभ्यास केला; कोणत्या कामाला किती पावले व किती वेळ लागतो, हे पाहिले. तिचे स्वयंपाकघर दोन मीटरांहूनही अरुंद होते, पण त्यात व्यर्थ हेलपाटा नव्हता. सुमारे दहा हजार घरांत ते बसविण्यात आले. गंमत अशी की, तोवर आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता, असे या बाईंनीच पुढे सांगितले. मग मलाही थोडा धीर आला.

रांजण आत आला. लहानशी मोरी आत आली. कोठी जड असल्यामुळे माजघरातच राहिली. मात्र आठवड्याची ज्वारी व डाळी ठेवण्यासाठी भिंतीतल्या जुन्या कोनाड्यांना फळ्या बसविल्या. त्यांना खर्च जवळजवळ आला नाही.

ओट्यावरून घरात बरीच चर्चा झाली. उभ्याने काम करणाऱ्याच्या कोपरापेक्षा ओटा चार-सहा बोटे खाली असावा, म्हणजे खांदे व पाठ अवघडत नाहीत. परंतु पत्नी ठेंगणी, सूनबाई उंच! शिवाय ज्वारीची भाकरी थापावयाची तर वरून हाताचा जोर यावा लागतो; उंच ओट्यावर ते जमत नाही. अखेर दोन उंचींचा ओटा केला. उंच भागावर शेगडी व चिरणेकापणे. खालच्या भागावर काठवट ठेवून भाकरी. अंगणात पडून असलेल्या शहाबादी फरश्या घासूनपुसून खालच्या भागाला वापरल्या, आणि वरच्या भागापुरता काळा कडप्पा विकत आणला. बाजारातून तयार ओटा आणला असता, तर असा मिळाला नसता.

गॅसचे सिलिंडर ओट्याखाली उभे ठेविले. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून मागील भिंतीत अगदी जमिनीजवळ एक जाळी ठेविली. त्याच भिंतीत, जिथे तुळई टेकत नाही आणि कोपराही दूर आहे, अशा जागी वर लाकडी पाट देऊन एक खिडकी काढली. सवण्यावर काच बसविली. दुपारी ओट्यावर उन्हाचा चौकोन पडतो, तो पाहण्यासाठी पत्नीने पहिल्या दिवशी मला मुद्दाम हाक मारली.

जुनी चूल काढावी की ठेवावी? हिवाळ्यात पत्नीला भाकरी चुलीवरचीच हवी असते, आणि खरे सांगायचे तर मलाही. म्हणून चूल ठेविली, पण धुराडे लावून. आपला परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरावर एक पुस्तक लिहिले होते. त्यांच्या मातीच्या चुलीत जाळ बंदिस्त असे, एकाच जाळावर अनेक भांडी शिजत, आणि तापलेली हवा हलकी होऊन धुरासह नळीवाटे छपराबाहेर जाई. त्या वर्षी माझी आई याच गावात लहान मुलगी होती. चुलीची ती युक्ती आमच्या घरी पोहोचावयास सत्तर वर्षे लागली.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली. शेवटी पैसे कमी पडतील या भीतीने मी मोरीची फरशी घाईने बसवून घेतली व उतार तपासला नाही. पाणी भिंतीशी साचू लागले. आपल्याकडील काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. अशा मातीवरील पायाशी पाणी मुरू देणे धोक्याचे. फरशी उखडून पुन्हा बसवावी लागली. सांडपाणी आता नळीने परसातील केळी व अळूकडे जाते. दुसऱ्या वेळी उतार पाहण्यासाठी नातीने फरशीवर एक गोटी सोडली. ती गडगडत नेमकी नळीच्या तोंडाशी गेली.

एकूण खर्च ४७,८०० रुपये झाला. महिनाभराने नातीने पुन्हा एक दिवस वाटी मांडली. या वेळी दाणे २३ भरले. त्यांपैकी ७ फेऱ्या ओसरीवर माझा चहा पोहोचविण्यासाठी होत्या, हे तिने वहीत लाल शाईने लिहून ठेविले आहे.