खोकला एक, दवाखान्याच्या वाटा तीन

गेल्या हिवाळ्यात एकाच महिन्यात माझ्याकडे तीन पेशंट जवळजवळ एकच तक्रार घेऊन आले. दोन आठवड्यांहून जास्त दिवसांचा खोकला, संध्याकाळी अंगात कणकण, भूक मेलेली, वजन उतरलेले. तिघेही सणसवाडीच्या आसपासच राहणारे. नावे अर्थातच देत नाही.

पहिले इथलेच शेतकरी, वय साठीचे. थोडी जमीन कंपनीला गेली, उरलेल्या जागेत त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. मुलाने गाडीत घालून पुण्याला नेले. दोन दिवसांत एक्स-रे झाला, बेडका तपासला, क्षयरोगाचे निदान होऊन औषध सुरू झाले. त्यांच्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही, आणि खरे तर कोणाच्याच बाबतीत नसावे.

दुसरा ओडिशातून आलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. ठेकेदारामार्फत कंपनीत लागलेला, बारा तासांची पाळी. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण. दिवसपाळीवाले उठून गेले की त्याच अंथरुणावर रातपाळीवाले झोपणार. खोलीला खिडकी नाही. दोन महिने तो मेडिकलमधून खोकल्याच्या बाटल्या नेत होता. "आधी का आला नाहीस?" विचारले तर म्हणाला, खाडा झाला की पैसे कापतात, आणि चार खाडे झाले की ठेकेदार दुसरा माणूस उभा करतो.

मी त्याला ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे कार्ड मागितले. त्याने पाकिटातून एक नव्हे, दोन कार्डे काढली, दोन वेगवेगळ्या क्रमांकांची. ठेकेदार बदलला, नव्याने नवा क्रमांक काढून दिला. हे कामगार वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. विम्याचा क्रमांक एकदा मिळाला की नोकरी बदलली तरी तोच राहिला पाहिजे. जानेवारी २०१७ मध्ये या योजनेची पगाराची मर्यादा दरमहा २१,००० रुपये करण्यात आली, आणि ठेकेदाराकडचा कामगारही तिच्यात बसतो. आजारपणात काम बुडाले तर अटी पूर्ण करणाऱ्याला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोग तर लांबणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. त्यात ८० टक्के रक्कम, तीही दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. पण त्यासाठी दोन वर्षे सलग विमा हवा. या मुलाची नोकरी सलग होती, कागदावर मात्र तो दोन निरनिराळी माणसे झाला होता! नवीन ठिकाणी लागताना जुना क्रमांक आग्रहाने सांगा. दोन झाले असतील तर ते जोडून घेण्यासाठी विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात अर्ज करा.

निदान कळताच घरमालकाने त्याला खोली सोडायला सांगितले. मी मालकांना बोलावून घेतले. औषध नियमित सुरू झाले की साधारण दोन आठवड्यांत बहुतेक रुग्णांपासून संसर्गाचा धोका खूपच कमी होतो. खरा धोका होता तो आधीच्या दोन महिन्यांत, जेव्हा तो बंद खोलीत औषधाविना खोकत होता आणि कोणी काही बोलत नव्हते. "त्याला काढू नका, भिंतीला खिडकी पाडा," असे मी म्हणालो. ते थोडे रागावले, पण खिडकी पाडली. खोलीतल्या इतरांचीही तपासणी झाली. परप्रांतीयांनी रोग आणला असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. वस्तुतः हा जंतू आपल्यापैकी कितीतरी जणांच्या शरीरात निपचित पडून असतो. अपुरे अन्न, दाटी, मधुमेह, तंबाखू यांनी तो जागा होतो.

असे रुग्ण वेळेवर सापडत का नाहीत? नियमाप्रमाणे सपाट भागात ३०,००० लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ५,००० ला एक उपकेंद्र आणि साधारण १,००० ला एक आशाताई. ही लोकवस्ती जनगणनेतली. २०११ नंतर २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, आणि दरम्यान नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी किती चाळी उठल्या ते आपण सारे पाहतोच. आशाताई सकाळी जातात तेव्हा निम्म्या खोल्यांना कुलूप आणि निम्म्यांत रातपाळीचे लोक झोपलेले. त्यांना तरी काय बोलावे?

तिसरी बीड जिल्ह्यातली ऊसतोडणी करणारी बाई. रात्री साडेआठला, फडातून थेट आली. वजन ३६ किलो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एक पडला की कोयता अडतो, आणि मुकादमाची उचल तर आधीच खर्च झालेली. तिने पिशवीतून गोळ्यांची एक जुनी पट्टी काढली, आणि मला शरमल्यासारखे झाले. आदल्या वर्षी जानेवारीत मीच तिला सरकारी दवाखान्यात पाठवले होते. तिथे औषध सुरूही झाले. मार्चमध्ये पट्टा पडला, हंगाम संपला, बिऱ्हाड गावी गेले. बरे वाटत होते, गोळ्या संपल्या, विषय संपला. गावी केव्हा जाणार, हा साधा प्रश्न मी विचारला नव्हता.

साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधांनी बहुतेक जंतू मरतात आणि माणसाला बरे वाटू लागते. पुढचे चार महिने उरलेल्या चिवट जंतूंसाठी असतात. मध्येच सोडले तर रोग उलटतो, आणि त्या जंतूंना औषध लागू न पडण्याची भीती असते. तिचा बेडका यंत्रावर तपासून घेतला (थुंकी नव्हे, दीर्घ श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका द्यावा). मुख्य औषध अजून लागू पडत होते. नशीब म्हणायचे.

या वेळी पहिल्याच दिवशी तिचा निक्षय क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. प्रत्येक क्षयरुग्णाची या नावाने सरकारी नोंद होते. खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून ती कळवणे बंधनकारक आहे. हा क्रमांक असला की उपचार देशात कुठेही बदलून घेता येतो. औषध फुकट असते, आणि पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. गावी जाण्याच्या पंधरा दिवस आधी दवाखान्यात सांगायचे, एवढेच. १८००-११-६६६६ हा माहितीचा फोन मोफत आहे. फेब्रुवारीतच तिच्या गावच्या आरोग्य केंद्राकडे तिची नोंद पाठवली, आणि वाटेतल्या दिवसांच्या गोळ्या सोबत दिल्या.

जूनच्या शेवटी तिच्या नवऱ्याचा फोन आला. गोळ्या संपल्या होत्या, शेवटची तपासणीही झाली होती. "डाक्टर, वजन बेचाळीस भरलं," तो म्हणाला, आणि लगेच विचारले, "दिवाळीनंतर तिकडं यायचंय, तवा पुन्हा तपासावं लागंल का?" मी म्हटले, आल्याबरोबर दाखवायला आण.