अमेरिका की कॅनडा? : स्थलांतरिताच्या निवडीचा एक अभ्यास

द्वितीय वर्ष कला

२०२३ सालच्या दिवाळीत मामांनी माझ्यापुढे एक गुळगुळीत पत्रक ठेवले आणि म्हणाले, "तू शिकतीस. वाच, आणि काय लिहिलंय ते सांग." मी तेव्हा बारावीत होते. आमच्या घरात इतके शिकलेले दुसरे कोणी नाही. वडील सातवीपर्यंत शिकले आणि गवंडीकाम करतात. आई चौथी शिकलेली. मामेभाऊ मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणला कंत्राटी कामावर होता व त्याला परदेशी जायचे होते. पत्रक त्याने वाचलेलेच होते. पण वीस गुंठे जमीन विकण्यापूर्वी मामांना ते आणखी एका माणसाच्या तोंडून ऐकायचे होते. पत्रकात इंग्रजीत लिहिले होते की, कॅनडात दोन वर्षे शिकावे, तीन वर्षे नोकरी करावी आणि मग कायमचे राहावे. मी शब्दाला शब्द लावून अर्थ सांगितला. मामांनी विचारले, "अमेरिका मोठी ना? मग कॅनडा का?" मी म्हणाले, "तिथं लवकर होतं म्हणतात." याहून अधिक मला सांगता आले नाही.

कॉलेजात आल्यावर अर्थशास्त्राच्या तासाला स्थलांतराचा विषय निघाला आणि मामांचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. सुमारे ८,९०० किलोमीटरची सरहद्द असलेले हे दोन शेजारी. भाषा, राहणी, बाजार पुष्कळसे सारखे. तरीही घर सोडून निघालेला मनुष्य यांपैकी एकाचीच वाट का धरतो? ग्रंथालयात बसून जे वाचले आणि त्यातून जे सुचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

१. फुकट जमिनीचा काळ

हा प्रश्न आजचा नाही. अमेरिकेने १८६२ साली होमस्टेड कायदा करून पाच वर्षे जमीन कसणाऱ्यास १६० एकर देऊ केली. कॅनडाने १८७२ साली तसाच कायदा केला. जमीन तेवढीच, १६० एकर. नोंदणीची फी १० डॉलर. आणि राहण्याची अट पाचऐवजी तीन वर्षांची. (ही 'फुकट' जमीन मुळात तेथील आदिवासी समाजांची होती, हे विसरता कामा नये.) अट सौम्य असूनही बहुतेक लोक अमेरिकेकडेच वळले. एवढेच नव्हे, तर १८४० ते १९३० या काळात कॅनडातीलच सुमारे नऊ लाख फ्रेंच भाषिक लोक दक्षिणेला अमेरिकेत गेले. त्यांतले पुष्कळजण न्यू इंग्लंडमधील कापडगिरण्यांत लागले. रोख पगार तेथे होता.

पुढे अमेरिकेतील चांगली मोकळी जमीन संपत आली. वसाहतीची पुढे सरकणारी सीमा आता उरली नाही, असे १८९० च्या जनगणनेनंतर तेथील सरकारनेच नमूद केले. नेमक्या याच संधीचा फायदा कॅनडाचे मंत्री क्लिफर्ड सिफ्टन यांनी घेतला. १८९६ ते १९०५ या त्यांच्या कारकिर्दीत युरोपात आणि अमेरिकेतही अनेक भाषांतून पत्रके वाटली गेली. युक्रेनमधील शेतकरी आले. खुद्द अमेरिकेतले शेतकरीही सरहद्द ओलांडून उत्तरेला आले. १९१२ साली अमेरिकेनेही आपली अट तीन वर्षांवर आणली. तेव्हाही लोकांच्या हाती पत्रकच होते, हे वाचून मला मामांची पडवी आठवली.

२. आपल्यासाठी दोन्ही दारे बंद

मात्र हे स्वागत सर्वांसाठी नव्हते. १९०८ साली कॅनडाने नियम केला की, येणाऱ्याने आपल्या मायदेशातून कोठेही न थांबता थेट प्रवास करून आले पाहिजे. भारतातून असा प्रवास जवळजवळ अशक्य होता आणि नियमाचा हेतूही तोच होता. १९१४ साली ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन 'कोमागाटा मारू' ही बोट व्हँकुव्हरला पोचली. दोन महिने ती बंदरात अडकून पडली आणि बहुतेक सर्वांना परत पाठविण्यात आले. कलकत्त्याजवळ बजबज येथे उतरताना त्यांच्यावर गोळीबार झाला व अनेकजण प्राणास मुकले. या प्रकरणाबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०१६ साली संसदेत माफी मागितली.

अमेरिका याहून उदार होती असे नाही. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या बहुतेक भागातून येणाऱ्यांना बंदी झाली. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निर्णय दिला की, हिंदी मनुष्य 'गोरा' नाही, म्हणून त्यास नागरिकत्व नाही. १९४६ साली दार किंचित उघडले, ते वर्षाला १०० भारतीयांपुरते. कॅनडाने १९५१ साली १५० जणांचा कोटा दिला. तेव्हा एक देश जात्याच दयाळू आणि दुसरा कठोर, ही समजूत इतिहासापुढे टिकत नाही.

३. दोन नव्या पद्धती

खरा फरक पडला तो १९६० नंतर. अमेरिकेने १९६५ साली राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि मुख्य भर दिला नातेवाइकांवर. नागरिक झालेला मनुष्य पत्नी, मुले, आईवडील, पुढे भावंडे यांना बोलावू शकतो. आजही तेथे कायमचा परवाना मिळणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक नात्याच्या आधारे येतात. उरलेल्यांपैकी अनेकांना कोणीतरी मालक लागतो. आधी नोकरी, मग मालकाचा अर्ज, मग परवाना.

कॅनडाने वंशाची अट १९६२ साली काढली आणि १९६७ साली गुणांची पद्धत सुरू केली. ही पद्धत आपल्याला चांगलीच ओळखीची वाटेल, कारण ती परीक्षाच आहे. एकूण गुण १००, पास होण्यास ५०. शिक्षणाच्या प्रत्येक वर्षाला एक, असे जास्तीत जास्त २० गुण. वयाचे १०, इंग्रजी-फ्रेंचचे १०, कसबाचे १०, त्या धंद्याला तेथे असलेल्या मागणीचे १५, तेथे नातेवाईक असल्यास ५, इत्यादी. मालक नसला तरी चालेल. गुण मिळाले पाहिजेत.

एका दुपारी मी वहीत वडिलांचे गुण मांडून पाहिले. शिक्षणाचे ७. वयाचे शून्य, कारण पस्तिशीनंतर दर वर्षाला एक गुण कमी होतो आणि वडील ४६ वर्षांचे आहेत. भाषेचे शून्य. कसबाचे दहापैकी कितीही दिले, तरी बेरीज पन्नासाच्या जवळपास जात नाही. भिंत ओळंब्यात आहे की नाही, हे नुसत्या नजरेने सांगणारा मनुष्य या परीक्षेत नापास होतो. वंश न पाहणारी ही पद्धत न्याय्य खरी, पण शाळेत जाण्याची संधी ज्यांना मिळाली त्यांच्यापुरती, ही गोष्ट मला पुस्तकापेक्षा त्या बेरजेने शिकवली.

२०१५ पासून या पद्धतीचे नवे रूप 'एक्स्प्रेस एंट्री' या नावाने चालू आहे. आता गुण १,२०० पैकी असतात आणि अर्जदारांची क्रमवारी लावून वरच्यांना बोलावले जाते. बोलावणे आल्यावर बहुतेक अर्ज सहा महिन्यांत निकाली काढावेत, असे उद्दिष्ट ठेवलेले होते. पोचलेल्या दिवसापासून तो मनुष्य कायमचा रहिवासी असतो. पाच वर्षांपैकी तीन वर्षे तेथे काढली की तो नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो. अमेरिकेत कायमचा परवाना मिळाल्यावर सामान्यतः पाच वर्षे थांबावे लागते. जमिनीच्या काळातील तीन आणि पाच हेच आकडे येथे पुन्हा भेटतात.

४. रांगेचा हिशेब

भारतीयांच्या बाबतीत हा फरक फार मोठा होतो. अमेरिकेत नोकरीच्या आधारे दिले जाणारे कायमचे परवाने वर्षाला सुमारे १,४०,००० असतात व त्यांत अर्जदारांची बायकामुलेही मोजली जातात. १९९० च्या कायद्यानुसार कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही. म्हणजे सुमारे १४० कोटींच्या भारताला जेवढी मर्यादा, तेवढीच एखाद्या चिमुकल्या बेटाला. परिणामी २०२५ साली भारतीयांच्या दोन मोठ्या रांगांत २०१३ मधील अर्जांचा क्रमांक लागत होता. त्याआधी बहुधा 'एच-वन-बी' हा तात्पुरता परवाना मिळवावा लागतो. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० अधिक अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी २०,००० अशी असून अर्ज जास्त आल्याने निवड सोडतीने होत आली आहे. नोकरी सुटली की परवान्याचे काय, ही धास्ती मनुष्याच्या डोक्यावर कायम असते. मुले २१ वर्षांची झाली की साधारणपणे आईवडिलांच्या रांगेतून बाहेर पडतात. २०२५ च्या सप्टेंबरात अशा नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावणारा आदेशही निघाला.

या धास्तीचे मोजमाप एका घटनेवरून होते. २०२३ च्या जुलै महिन्यात कॅनडाने अमेरिकेतील एच-वन-बी धारकांसाठी १०,००० कामाचे परवाने खुले केले. ते दोन दिवसांच्या आत संपले. हे लोक बेकार नव्हते, चांगल्या पगारावर होते. तरीही त्यांनी अर्ज केले.

५. पगार, दवाखाना आणि गोतावळा

मग सगळेच कॅनडाला का जात नाहीत? कारण पगार. संगणक, वैद्यक, संशोधन या क्षेत्रांत अमेरिकेतील वेतन पुष्कळ अधिक आहे. विद्यापीठे, कारखाने, नोकऱ्या यांची संख्या कितीतरी मोठी. कॅनडात टोरांटो आणि व्हँकुव्हर येथील घरे अतिशय महाग. शिवाय परक्या पदव्यांना मान्यता मिळणे अवघड. डॉक्टर म्हणून गुण मिळवून आलेला मनुष्य टॅक्सी चालवताना आढळतो. कॅनडाच्या बाजूने सांगण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे दवाखाना. १९६२ साली सस्कॅचवान प्रांतात सुरू झालेली सार्वजनिक वैद्यकीय योजना पुढे देशभर पसरली; डॉक्टर आणि रुग्णालय यांच्या आवश्यक सेवांसाठी रहिवाशाला बिल येत नाही. अमेरिकेत विमा बहुधा नोकरीला बांधलेला, म्हणून नोकरी गेली तर दुहेरी संकट.

याखेरीज आहे तो गोतावळा. पंजाबी मनुष्य ब्रॅम्प्टन किंवा सरे येथे जातो, कारण चुलता तेथे आहे. हैती, मोरोक्को, अल्जीरिया येथील फ्रेंच जाणणारे क्वेबेक निवडतात. त्या प्रांताला बाहेरून येणारे कामकरी स्वतः निवडण्याचा अधिकारही आहे. मेक्सिकोतील मजूर अमेरिकेत जातो, कारण सरहद्द लागून आहे आणि वाट आजोबांनी पाडलेली आहे. मराठी माणसे दोन्हीकडे आहेत. १९८१ साली स्थापन झालेले बृहन्महाराष्ट्र मंडळ दोन्ही देशांतील मंडळांना एकत्र आणते.

एकूण संख्या पाहिली तर जगाची पसंती अजून अमेरिकाच आहे. तेथे परदेशी जन्मलेले लोक सुमारे पाच कोटी आहेत. कॅनडात २०२१ च्या जनगणनेत ते सुमारे ८३ लाख होते. पण लोकसंख्येशी प्रमाण काढले तर कॅनडात २३ टक्के, अमेरिकेत सुमारे १४-१५ टक्के. यावरून असे म्हणावे लागेल की, ज्याच्याजवळ वाट पाहण्याचे बळ आहे किंवा ज्याचे रक्ताचे माणूस तेथे आहे, तो अमेरिकेच्या पगाराकडे पाहतो. ज्याला बायकामुलांसह आजच पाय रोवायचे आहेत, तो कमी पगार पत्करून खात्री घेतो.

६. खात्रीची दुसरी बाजू

येथवर लिहून मी थांबले असते, तर हा लेख त्या पत्रकासारखाच झाला असता. कारण ही खात्री म्हणजे एक नियम आहे, आणि नियम बदलतो. घरांची टंचाई वाढली, लोकांचा रोष वाढला, आणि कॅनडाच्या सरकारने पावले मागे घेतली. १ जानेवारी २०२४ पासून विद्यार्थ्याने दाखवावयाची खर्चाची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलर झाली. त्याच महिन्यात विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आली. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम करारावर शिकविणाऱ्या खाजगी कॉलेजांत १५ मे २०२४ पासून दाखल होणाऱ्यांना शिक्षणानंतरचा कामाचा परवाना बंद झाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, २०२५ साठी ठरवलेला पाच लाख कायम रहिवाशांचा आकडा ३,९५,००० वर आणला गेला.

दादाचा प्रवेश अशाच एका खाजगी कॉलेजात, सप्टेंबर २०२४ चा होता. जमीन तोवर विकून झाली होती. एजंटाने आपली फी परत केली नाही. त्याचे म्हणणे, पत्रक छापले तेव्हा सगळे खरेच होते. आणि तेवढे मात्र खरे होते. दादा आजही चाकणला आहे. मामांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. पण "लिहिलंय तसंच आहे, मामा," हे माझे वाक्य मला अजून ऐकू येते.

समारोप

देश निवडताना लोक पगार पाहतात, हवा पाहतात, नातेवाईक पाहतात. या अभ्यासातून मला वाटते की, त्याहून आधी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. परवाना माझ्या नावाचा की मालकाच्या? माझ्यापुढे रांगेत किती लोक आहेत? आणि मी पोचेपर्यंत नियम बदलला, तर मला मागे फिरता येईल का? ज्या संसदेत आपल्याला मत नाही, तेथे आपल्यासाठी नियम होत असतात. सिफ्टन यांच्या काळातील शेतकऱ्यापासून दादापर्यंत हे बदललेले नाही.

यंदाच्या दिवाळीत मामा पुन्हा एक पत्रक घेऊन आले. धाकटा मुलगा आता बारावीत आहे. मी ते पत्रक उलटसुलट करून प्रथम तारीख शोधली. तारीख कोठेच नव्हती. मी मामांना तसे सांगितले आणि म्हटले, "मामा, हे मी आज वाचून दाखवत नाही. पंधरा दिवस द्या. तिथल्या सरकारचा नियम आधी बघते."

मामांनी पत्रक घडी करून माझ्या वहीत ठेवले.